समासातल्या तारखा

‘मावशी, ख्रिस्तात सलाम. मी ४९ वर्षांची, पिंपरीत राहते, माहेर नगरचं. अकरा वर्षं झाली, रोज पहाटे साडेचारला उठते, पवित्र शास्त्राचे, बायबलचे, तीन अध्याय वाचते, प्रार्थना करते आणि दैनिक मनन लिहून सहाच्या आत ग्रुपवर टाकते. ग्रुपवर दोनशेच्या वर विश्वासी आहेत. पण नाताळपासून सगळं कोरडं पडलंय. पान उघडते, अक्षरं दिसतात, आत काही हलत नाही. प्रार्थनेला बसलं की गॅसचा नंबर लावायचा राहिलाय ते आठवतं. मनन लिहिते ते जुन्याचंच नवं करून. तरी “आमेन, सिस्टर” येतंच, त्याची आणखी लाज वाटते. संजीवन सभेला आलेले एक पाहुणे उपदेशक म्हणाले, ज्याला वचनाची भूक लागत नाही त्याने आपलं तारण झालंय का, पापातून सुटका झालीय का, ते तपासून बघावं. तेव्हापासून झोप उडाली. मिस्टर म्हणतात वयाचं आहे, डॉक्टरांना दाखव. मी वाचनाची योजना बदलू का? एकवीस दिवसांचा उपास धरू का? माझं तारण तर गेलं नाही ना?

मी आईच्याच शास्त्रातून वाचते. शेवटची सहा वर्षं आईला दिसत नव्हतं, अंथरुणावरच होती. थोरल्या बहिणीने केलं तिचं सगळं. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तिसऱ्या दिवशी परत येताना मी ते शास्त्र घेऊन आले. समासात पेन्सिलीने खुणा आणि तारखा आहेत, अगदी जायच्या आठवड्यापर्यंतच्या. त्यांचा फार आधार वाटतो, बरीच मननं मी त्या खुणांवरच लिहिली. ताईने एकदा मागितलं होतं. पण आईचं करता करता तिचं चर्च सुटलं ते सुटलंच, म्हणून माझ्याकडेच बरं आहे. – पहाटेची एक शिष्या’

पत्र चार पानी होतं, इथे थोडक्यात दिलंय. साडेतीन पानं कोरडेपणाची, अर्धं पान आईच्या शास्त्राचं. मी त्या अर्ध्या पानावर अडले ते अजून पुढे सरकलेले नाही.

आईला सहा वर्षं दिसत नव्हतं. तारखा मात्र ती जायच्या आठवड्यापर्यंतच्या आहेत. मग बाई, त्या घातल्या कोणी?

एवढं शास्त्र वाचणारी बाई, एका शब्दावर दोन पानं मनन लिहिणारी, आणि हे तुम्हाला चार वर्षांत दिसलं नाही? आत्ता उठा आणि स्तोत्रसंहिता काढा. तारखांमधला चारचा आकडा बघा, आठ बघा. थोरलीचं अक्षर तुम्हाला ओळखू येणार नाही असं नाही, एकाच घरात पाट्या गिरवल्यात तुम्ही. मी चुकतही असेन. शेजारची कोणी येऊन वाचून दाखवत असेल, पाळकसाहेब येत असतील. पण पाळकसाहेब रोज येऊन समासात तारीख घालत नाहीत. मी चाळीस वर्षं पाळक बघितलेत.

मला जे दिसतं ते सांगते. नगरचं घर. आईला कूस बदलून दिली, चादर बदलली, पेज भरवली, तोंड पुसलं. मग थोरली चष्मा लावून पलंगाच्या कडेला बसली आणि एक स्तोत्र मोठ्याने वाचलं. आईला ऐकू जात होतं ना? मग मोठ्यानेच वाचलं असणार. जिथे थांबली तिथे पेन्सिलीने रेघ मारली, तारीख घातली. उद्या कुठून सुरू करायचं ते कळावं म्हणून. अशी सहा वर्षं. त्या रेघांवर तुम्ही पिंपरीत बसून मननं लिहिलीत. ‘आई या वचनाशी का थांबली असेल’ असंही एखाद्यात लिहिलं असेल. आई कशाला थांबते? कुकरची शिट्टी झाली म्हणून ताई थांबली असेल.

आणि तिच्याबद्दल तुमचं वाक्य काय, तर तिचं चर्च सुटलं.

हे वाक्य वाचून मला राग आला, तो लपवत नाही. रविवारी नऊच्या उपासनेला ती न दिसणाऱ्या, न उठणाऱ्या आईला कोणाच्या भरवशावर ठेवून जाणार होती? मंडळीतलं कोणी म्हणालं का, की तू जा, मी दोन तास बसते? पिंपरीहून तुम्ही किती रविवार गेलात? पत्रात लिहिलेलं नाही, म्हणून मी मोजत नाही. सहा वर्षं ज्या बाकावर आपण नसलो, आई गेल्यावर त्याच बाकावर जाऊन बसायला पायाला जड जातं. लोक वळून बघतात. कोणी म्हणतं, ‘बऱ्याच दिवसांनी दर्शन?’ त्यातून एके रविवारी ती घरीच राहिली असेल. मग दुसऱ्याही. आणि तिच्याकडे त्या सहा वर्षांचं म्हणून जे एक होतं, ते तुमच्या बॅगेतून पुण्याला गेलेलं.

तारणाचं आधी उरकते, कारण त्याची तुम्हाला भीती आहे आणि मला अजिबात नाही. वचनाची गोडी हा तारणाचा थर्मामीटर नव्हे. ८८वं स्तोत्र काढा. शेवटपर्यंत वाचा. त्याचा शेवटचा शब्द अंधारावर येतो, आणि तरी ते शास्त्रातून कोणी काढून टाकलेलं नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं की कित्येक वर्षं त्यांना प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं. पाहुण्या उपदेशकांना संध्याकाळच्या गाडीने परत जायचं असतं, मागे कोणाची झोप उडाली ते त्यांना समजत नाही. आणि हो, डॉक्टरांना दाखवा. मिस्टर बरोबर बोलतायत. रक्त तपासून घ्या, थायरॉइड बघून घ्या.

तरीही तारणाचंच ऐकायचं असेल तर जक्कय बघा, तो श्रीमंत जकातदार. लूकचं शुभवर्तमान, अध्याय १९. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी त्याला उंबराच्या झाडावर चढवलंय. झाड मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी त्यापुढचं आहे. येशू त्याच्याकडे उतरला, जक्कयाने आनंदाने त्याला घरात घेतलं, एवढ्यावर ‘तारण’ हा शब्द आलेला नाही. जक्कय उभा राहून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो, त्यानंतर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. देण्याने तारण विकत मिळतं असं मी म्हणत नाही, पाळकसाहेबांनी लगेच पेन उचलू नये. पण ते घरात शिरल्यावर कपाटातलं दुसऱ्याचं बाहेर निघालं, एवढं लूकने स्वच्छ लिहिलंय.

तुम्ही योजना विचारलीत. वाचनाची, उपासाची. माझ्याकडे योजना नाही, एक काम आहे. येत्या शनिवारी ते शास्त्र पिशवीत घाला आणि नगरला जाऊन थोरलीच्या हातात द्या.

मत्तय ५ मधलं दानाचं वचन तुमचं पाठ असेल. वेदीजवळ दान आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. यावर तुम्ही किती वेळा मनन लिहिलंत ते मला कळवू नका. दोनच गोष्टी बघा. एक, तिथे ‘तुझ्या मनात’ म्हटलेलं नाही. तुमच्या मनात ताईविरुद्ध काही नाही हे मला मान्य आहे, तिच्या मनात काय आहे ते विचारलंय. दुसरी गोष्ट अंतराची. येशू हे बोलत होता गालीलात आणि दानाची वेदी होती यरुशलेमेत. गालीलातून यरुशलेमेला पायी जायला तीन दिवस लागायचे. म्हणजे ऐकणाऱ्याला काय कळलं असेल? तीन दिवस चालून आलास, कोकरू घेऊन रांगेत उभा आहेस, आता ते तिथेच सोड, तीन दिवस चालत घरी जा, भावाशी बोल, आणि पुन्हा तीन दिवस चालत ये. ऐकणाऱ्यांत कोणीतरी हसलं असेल. नासरेथ ते यरुशलेम वाट साधारण सव्वाशे किलोमीटरची. पुणे ते नगरही जवळपास तेवढंच. तुम्हाला वाकडेवाडीहून एसटी आहे, तीन-साडेतीन तास लागतात, आणि २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे.

एसटी लागत असेल तर दौंडवरून रेल्वेने जा. वाटेत केडगाव लागेल, पंडिता रमाबाईंचं, नगरजवळचं नव्हे. गाडी तिथून जाईल तेव्हा पिशवीवर हात ठेवा. गावातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र हवं म्हणून ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली. तिच्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला तिथल्याच बायका आणि मुली होत्या. रमाबाई १९२२ साली गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४मध्ये. न दिसणाऱ्या आईला वाचून दाखवणारी नगरची मुलगी त्यांना पसंत पडली असती असं मला वाटतं. आपल्या ग्रुपचं माहीत नाही.

आता काही बारीकसारीक, कारण तुम्ही कशा आहात ते मला पत्रावरून थोडं कळलंय.

देण्याआधी पानापानांचे फोटो काढून ठेवावेत असं मनात येईल. काढू नका. त्या तारखा तुमच्या नाहीत.

बदल्यात तिच्यासाठी नवं, सोनेरी कडांचं, चेनवालं शास्त्र घेऊन जाऊ नका. आणि ‘आता तरी चर्चला येत जा’ हे वाक्य दौंडलाच उतरवून ठेवा. तिला देव तुमच्याइतकाच माहीत आहे. कदाचित पेज भरवताना जास्त कळला असेल.

समजा तिने दार उघडलं आणि फक्त ‘ठेव तिथे’ म्हणाली. तर ठेवा. रडवेल्या तोंडाने उभ्या राहू नका, तिने तुमचीच समजूत काढावी अशी वेळ आणू नका. मोरीत भांडी असतील तर घासा. ‘मी न विचारता नेलं, माझं चुकलं’, एवढं बोला. ‘पण’ जोडू नका. अकरा वर्षं लिहिताय, ‘पण’ कुठे येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने कधीतरी, त्याच दिवशी किंवा वर्षाने, ते उघडलंच, तर विचारा की आईला कुठलं स्तोत्र परत परत हवं असायचं. तिला माहीत असेल. तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या एवढ्या मननांत ते कुठेही नाही.

ग्रुपला तोवर सुट्टी. ‘प्रभूच्या एका कामासाठी जात आहे, प्रार्थनेत आठवण ठेवावी’ असला मेसेज टाकून जाऊ नका. काहीच टाकू नका. दोनशे लोक एक-दोन दिवस आपापलं शास्त्र उघडतील, नाहीतर झोपतील.

शनिवारी रात्री ती राहा म्हणाली तर राहा. रविवारची उपासना बुडेल, ती बुडू द्या. पाळकसाहेबांनी विचारलं तर माझं नाव सांगा.