जपानमध्ये सर्दीला काक्कोन्तो देतात, ते नेमकं काय असतं? मी घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ओसाकाला येऊन दोन महिने झालेत, तीन दिवस सर्दी आहे, रात्री घामाने बनियन भिजतं आणि ऑफिसातल्या एका वयस्क बाईंनी काक्कोन्तोच्या पुड्या दिल्यात. माझ्या मते या खेपेला घेऊ नका. मी डॉक्टर नाही, पण अकरा वर्षं जपानात काढली आहेत आणि हे औषध घरात कायम असतं.

'तो' म्हणजे काढा आणि 'काक्कोन' म्हणजे कुद्झू नावाच्या वेलीचं मूळ, आपल्या विदारीकंदाचं जवळचं नातलग. सोबत दालचिनी, आलं, ज्येष्ठमध, बोरं, पिओनी या फुलझाडाचं मूळ आणि एफेड्रा नावाचं झुडूप. दवाखान्यातून मिळणाऱ्या त्सुमुरा या जपानी औषध कंपनीच्या पुड्यांत दिवसभराच्या मात्रेला कुद्झू ४ ग्रॅम, एफेड्रा आणि बोरं ३-३ ग्रॅम, बाकीची चार २-२ ग्रॅम, अशा १८ ग्रॅमच्या काढ्याचा अर्क असतो. पुडीतली दाणेदार पूड म्हणजे तोच वाळवलेला काढा. मी ती कपभर गरम पाण्यात विरघळवून, जेवणाआधी घेतो.

औषधाची ही कृती चीनमधली, हान राजवटीच्या अखेरच्या काळातल्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या ग्रंथातली, म्हणजे सुमारे अठराशे वर्षं जुनी. त्यात रोगाचं नाव नाही, माणसाची अवस्था सांगितली आहे : मान आणि पाठ आखडलेली, वारा सोसवत नाही, घाम येत नाही. अशा माणसाने काढा घ्यायचा, पांघरूण ओढायचं आणि अंग किंचित ओलसर होऊ द्यायचं. मला या औषधात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट. ते सर्दीच्या पहिल्या काही तासांसाठी आहे, अंगावर काटा येतो, मान जड होते, तेवढ्यापुरतं. घाम सुटला की त्याचं काम संपलं. आजही दुकानातल्या खोक्यावर 'सर्दीची सुरुवात, घाम आलेला नसताना' असंच छापलेलं असतं. तुम्हाला तर तीन दिवस झाले आणि घामही येतोय.

खांदे आखडले, डोकं दुखलं तरी लोक हे घेतात, आणि खोक्यावर तेही उपयोग दिलेले असतात. सरसकट वापर इतका जुना आहे की जपानी कथेकऱ्यांच्या विनोदात कुठल्याही दुखण्यावर काक्कोन्तोच देणारा एक वैद्य आहे. तो रोग्यासोबत आलेल्या माणसालाही एक कप पाजतो! पण चमत्काराची अपेक्षा नको. जपानातच झालेल्या एका चाचणीत सर्दी बळावू न देण्याच्या बाबतीत काक्कोन्तो आणि सर्दीच्या नेहमीच्या मिश्र गोळ्या यांत ठळक फरक दिसला नव्हता.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. 'काढा' म्हटलं की आपल्याला आईने केलेला तुळस-गवती चहाचा काढा आठवतो आणि अपाय काय होणार असं वाटतं. माझे वडील इकडे आले असताना त्यांना सर्दी झाली, तेव्हा मी तसाच दुकानात गेलो. औषधं देणाऱ्या बाईंनी विचारलं, कोणासाठी? म्हटलं, वडिलांसाठी, ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, एक लघवीची आहे. त्यांनी खोकं सरळ फळीवर परत ठेवलं. एफेड्रात एफेड्रिन असतं (ते १८८५ मध्ये नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने वेगळं काढलं). त्याने रक्तदाब आणि नाडी वाढते, झोप उडते, लघवी अडू शकते. ज्येष्ठमधाने शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, आणि लघवीच्या बऱ्याच गोळ्यांनीही तेच होतं. दोन्ही एकत्र आले तर हातापायांतली शक्ती जाण्यापर्यंत मजल जाते. त्या दिवशी बाईंनी विचारलं नसतं तर, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून ब्लडप्रेशर, हृदयाचा त्रास, थायरॉइड वाढलेलं, प्रोस्टेट, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या दुसऱ्या गोळ्या सोबत घेऊ नका, त्यांतही एफेड्रिनसारखी द्रव्यं असू शकतात. ताप चढला किंवा चार-पाच दिवसांत उतार पडला नाही तर दवाखाना गाठा, कांपो, म्हणजे काक्कोन्तोसारखी पारंपरिक जपानी औषधं, तिथे विम्यातही मिळतात.

पुढच्या वेळी दुकानात गेलात तर दोन वाक्यं पाठ असू द्या. 'आसे वा काइते इमासेन', म्हणजे घाम येत नाहीये. आणि घरातल्या कोणासाठी घेत असाल तर 'केत्सुआत्सु नो कुसुरि ओ नोन्दे इमासु', ब्लडप्रेशरचं औषध चालू आहे. पुढचं ते स्वतःच विचारतील.