वाचकांचे प्रश्न : कारागृहातला सुतारवर्ग

प्रश्न : माझा फर्निचरचा कारखाना आहे. एका मध्यवर्ती कारागृहात तीन महिने सुतारकाम शिकवायचं ठरलंय. काय काय लक्षात ठेवू?

उत्तर : पहिलं काम हत्यारांच्या फळीचं. प्रत्येक करवत, रंधा, पटाशी, गुण्या यांची आकृती फळीवर रंगवून घ्या आणि नंबर टाका. म्हणजे रिकामी जागा लांबूनही दिसते. हत्यार घेणाऱ्याचा बिल्ला त्याच खिळ्यावर लटकवा. एक पटाशी कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणाला हलू देत नाहीत, म्हणून मोजणीसाठी शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. मोडलेल्या पात्याचे तुकडेही मोजून परत करायचे.

शिकवायला कुसू आणि भोकाचा जोड घ्या. कुसू म्हणजे एका लाकडाचं कापून बारीक केलेलं टोक, ते दुसऱ्या लाकडातल्या भोकात बसतं. तो जमला की स्टूल, खुर्ची, चौकट सगळं जमतं. लाकूड 30 मिमी जाड असेल तर कुसू 10 मिमी, म्हणजे एक तृतीयांश. बंद भोक कुसवाच्या लांबीपेक्षा 2 मिमी खोल ठेवा, नाहीतर सरस तळाशी साचतो आणि जोड पूर्ण बसत नाही. आरपार भोक एकाच बाजूने ठोकत नेलं की पलीकडे ढलपी उडते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आखून अर्धं-अर्धं कोरायला लावा. नवशिके करवत रेघेवरच चालवतात आणि कुसू ढिलं होतं. मग भुसा आणि फेविकॉल भरून ते दडपतात. तो जोड उन्हाळ्यात हलणारच. असा नमुना सरळ नापास करा. लाकूडही पुरतं वाळलेलं हवं. ओल 12 टक्क्यांच्या आसपास असावी, नाहीतर चांगला कापलेला जोडही आकसून सुटतो.

कोर्टाची तारीख, संचित रजा (शिक्षेच्या काळात मिळणारी सुट्टी), बदली यांमुळे रोज कुणीतरी गैरहजर असतो. महिनाभर चालणारं कपाट काढू नका. दोन-तीन दिवसांत संपणारे पाठ करा. प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षेचं हवं, त्यावर कारागृहाचं नाव नको. नाव आधारप्रमाणे आहे ना, हे छपाईआधीच तपासा.

प्रश्न : माझा भाचा कच्चा कैदी आहे. त्याला या वर्गात बसता येईल का? मजुरी मिळते का?

उत्तर : कामाची सक्ती फक्त सश्रम शिक्षा झालेल्यांना. कच्चा कैदी स्वेच्छेने काम मागू शकतो. तसा अर्ज त्याने अधीक्षकांकडे द्यावा. धारदार हत्यारांच्या विभागात पाठवायचं की नाही, हे मात्र प्रशासन ठरवतं. मजुरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये स्पष्ट केलंय : सक्तीच्या कामालाही न्याय्य वेतन द्यावं आणि त्यातला काही हिस्सा पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा. नुसत्या प्रशिक्षणाला मजुरी असेलच असं नाही, हे आधी विचारून घ्या.