रॅम मोकळी दिसते, तरी व्हर्च्युअल मशीन 'मेमरी नाही' का म्हणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: लॅपटॉपला ८ जीबी रॅम, त्यावर विंडोज ११. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा संगणक (व्हर्च्युअल मशीन, थोडक्यात व्हीएम) चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उबुंटू हे लिनक्स टाकलंय आणि त्याला ४०९६ एमबी दिलेत. कधी मशीन सुरूच होत नाही आणि 'व्हीईआरआर नो मेमरी' असा संदेश येतो. कधी सुरू होतं, पण अर्ध्या तासात गोठतं. टास्क मॅनेजर मात्र अडीच-तीन जीबी मोकळी असल्याचं सांगतो. तर नवी रॅम घ्यावी का?

घ्या, पण आजच नको. आधी खाली लिहिलंय ते करून बघा, त्यातलं बरंचसं फुकटात सुटेल. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये मशीन सांभाळते. नवी बॅच आली की हाच प्रश्न मला दर आठवड्याला कोणी ना कोणी विचारतं, आणि त्यातल्या निम्म्यांनी तरी विचारायच्या आधीच रॅम मागवलेली असते.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या तक्रारी दोन आहेत, एक नाही. मशीन सुरूच होत नाही तेव्हा अडचण होस्टची, म्हणजे तुमच्या विंडोजची असते. सुरू होऊन गोठतं तेव्हा ती होस्टची असेल, आतल्या उबुंटूची असेल किंवा रॅमच्या पट्टीचीच असेल. नेमकी कोणाची मेमरी संपली हे कळल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका.

आधी साधा हिशेब मांडू. ८ जीबी म्हणजे हातात ८ जीबी येत नाहीत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये पडद्याचं काम बघणारी चिप आपला वाटा रॅममधूनच उचलते. काही मशीनवर ७.७ जीबी वापरता येतात, काहींवर जेमतेम ५.९. टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर खाली 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' असा आकडा असतो, तो हाच. उरलेल्यातून विंडोज ११ स्वतः तीन-एक जीबी खातं. त्यावर क्रोमच्या दहा-बारा टॅब, एखादा अँटिव्हायरस, व्हॉट्सअॅपची खिडकी. आता ४०९६ एमबी कुठून आणायचे? आणि व्हर्च्युअलबॉक्स उबुंटूला दिलेली मेमरी कुलूप लावून देतं. क्रोमची मेमरी गरज पडली तर विंडोज डिस्कवर ढकलू शकतं, व्हीएमची ढकलू शकत नाही. उबुंटू जसजसं जास्त मेमरीला हात लावतं तसतशी विंडोजला जागा कमी पडत जाते. म्हणूनच कधीकधी मशीन चालू असताना मध्येच 'मेमरी घेऊन कुलूपबंद करता येत नाही, मशीन थांबवत आहे' अशा अर्थाचा संदेश येतो. तुमचं अर्ध्या तासात गोठणं बहुधा याच जातीचं आहे.

आता मोकळ्या दिसणाऱ्या अडीच-तीन जीबींचं कोडं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली तुम्ही पाहिली असेल. बाहेरून बघणाऱ्याला सीट रिकामी दिसते, आत चढल्यावर कळतं की तिच्यावर रुमाल आहे. टास्क मॅनेजरमधला 'अव्हेलेबल' हा आकडा म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या सीटा. शेजारचा 'कमिटेड' हा आकडा म्हणजे माणसं बसलेल्या आणि रुमाल टाकलेल्या सीटा मिळून. तिथे दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७.४/७.७. डावीकडचा म्हणजे किती मेमरीचं वचन देऊन झालंय, उजवीकडचा म्हणजे जास्तीत जास्त किती देता येईल. विंडोजचा कंडक्टर कडक आहे. गाडीत किंवा मागच्या जादा गाडीत सीट असल्याशिवाय तो तिकीटच फाडत नाही. डावा आकडा उजव्याला टेकला की रॅम कितीही मोकळी दिसो, नव्या माणसाला नकार. (लिनक्सचा कंडक्टर उलट्या स्वभावाचा. तो मागेल त्याला तिकीट देतो आणि गाडी खरंच भरली की कोणालातरी उचलून खाली उतरवतो. त्याच्याकडे पुढे येऊच.)

ती मागची जादा गाडी म्हणजे पेजफाइल, रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा. 'कमिटेड'मधला उजवा आकडा म्हणजे साधारण रॅम अधिक पेजफाइल. म्हणून हा आकडा आधी बघा. तो जवळपास तुमच्या रॅमइतकाच असेल तर पेजफाइल बंद आहे किंवा नावापुरती आहे, आणि दुखणं तिथेच सापडलं असं समजा. 'एसएसडी झिजते, पेजफाइल बंद करा' असा सल्ला देणारे व्हिडिओ बघून आमच्याकडची मुलं ती हमखास बंद करून येतात. ८ जीबीच्या मशीनवर हा सल्ला देणाऱ्याला मी लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाही.

पेजफाइल परत चालू करायला विंडोजच्या शोधपेटीत 'अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज' शोधा. त्यात परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, मग अॅडव्हान्स्डचा टॅब, मग 'व्हर्च्युअल मेमरी'. (या नावाचा व्हर्च्युअल मशीनशी काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी घोळ घातलाय.) तिथे सगळ्यात वरच्या 'ऑटोमॅटिकली मॅनेज' या चौकटीत खूण करा आणि मशीन रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच करा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच उचलतं, त्यामुळे एखाद्या ड्रायव्हरने (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमने) गळती लावली असेल, म्हणजे घेतलेली मेमरी परत दिली नसेल, तर ती तशीच पुढे चालू राहते. टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरीच्या पानावर 'नॉन-पेज्ड पूल' असा आकडा असतो, म्हणजे गाभ्याची आणि ड्रायव्हरांची डिस्कवर ढकलता न येणारी मेमरी. तो रोज वाढत वाढत एक-दोन जीबीवर गेला असेल तर एखादा ड्रायव्हर गळतोय. बहुतेकदा तो नेटवर्क कार्डाचा किंवा अँटिव्हायरसचा निघतो.

सी ड्राइव्हसुद्धा बघा. आपल्याकडे 'मोबाईलची मेमरी भरली' म्हणतात तेव्हा फोटो ठेवायची जागा संपलेली असते. इथली मेमरी ती नाही, हे मी दरवर्षी पहिल्याच दिवशी सांगते. पण दोन्हींचं नातं मात्र आहे. सी ड्राइव्ह काठोकाठ भरली की पेजफाइलला वाढायला जागा उरत नाही आणि डिस्कच्या दुखण्याचा संदेश रॅमच्या नावाने येतो. १५-२० जीबी मोकळे ठेवा. व्हीएमचे जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या वेळच्या जपून ठेवलेल्या अवस्था) हे तिथले मोठे भाडेकरू असतात.

तुमच्या नकळत रॅम खाणारा आणखी एकजण असतो. कोर्ससाठी कधी डॉकर (प्रोग्रॅम आपापल्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) टाकलं होतं का? किंवा विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल? तसं असेल तर पडद्यामागे एक व्हीएम आधीच चालू असण्याची शक्यता आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाची प्रक्रिया दिसली की समजा, हेच ते. ते स्वतःहून एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबीपर्यंत. त्याच्या उरावर आणखी ४ जीबीचं उबुंटू कसं बसणार? तात्पुरता उपाय म्हणजे डॉकर बंद करून कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' ही आज्ञा देणं. कायमचा उपाय म्हणजे तुमच्या युजर फोल्डरमध्ये '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' नावाची फाइल करायची. तिच्यात पहिल्या ओळीत चौकटी कंसात 'डब्ल्यूएसएल२' आणि दुसऱ्या ओळीत 'मेमरी=२जीबी'. फाइलचं नाव आणि आतला मजकूर सगळं इंग्रजी अक्षरांत, नावाच्या सुरुवातीच्या टिंबासकट. नोटपॅड शेवटी गुपचूप '.टीएक्सटी' चिकटवतं, ते काढायला विसरू नका. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली आहे.

टास्क मॅनेजरमधल्या प्रक्रियांची बेरीज करत बसू नका. व्हीएमची कुलूपबंद मेमरी त्या यादीत बहुधा धड दिसतच नाही. मायक्रोसॉफ्टचंच 'रॅममॅप' नावाचं फुकट साधन आहे, त्यात ती 'ड्रायव्हर लॉक्ड' या रांगेत सापडते.

आता उबुंटूच्या आत जाऊ. पूर्ण मशीन गोठत नसेल, फक्त आतला फायरफॉक्स किंवा कंपायलर अचानक गायब होत असेल, तर होस्ट निर्दोष आहे. टर्मिनलमध्ये 'फ्री -एच' द्या आणि 'फ्री'चा रकाना सोडून 'अव्हेलेबल'चा वाचा. लिनक्स उरलेली रॅम फाइलींच्या कॅशसाठी, म्हणजे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवायला, वापरतं, त्यामुळे 'फ्री' नेहमीच केविलवाणा दिसतो आणि नवखे घाबरतात. मग 'सुडो डीमेसेज' चालवून 'आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस' अशी ओळ आहे का बघा. असेल तर मघाच्या लिनक्सच्या कंडक्टरने एकाला खाली उतरवलंय. आत दोन जीबीची स्वॅपफाइल (लिनक्सची पेजफाइलच) केली की हे बऱ्यापैकी थांबतं. 'एफअॅलोकेट'ने फाइल बनवा, परवानगी ६०० करा, मग 'एमकेस्वॅप' आणि 'स्वॅपऑन'. 'एफएसटॅब'मध्ये (बूट होताना काय जोडायचं याची यादी असलेल्या फाइलमध्ये) ओळ घातली नाहीत तर पुढच्या बूटला ती चालू होणार नाही.

तुमच्या लॅपटॉपवर मी उबुंटूला ४०९६ऐवजी ३०७२ एमबी देईन, क्रोम बंद ठेवून. आकडा कमी केल्यावर मशीन जास्त बरं चालतं हे ऐकायला उलटं वाटतं. पण होस्टची घुसमट झाली की गेस्टही, म्हणजे आतलं उबुंटूही, अडकतो, कारण त्याची डिस्क, पडदा, नेटवर्क सगळं होस्टच्याच हातून जातं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॅमचा आकडा ठरवायच्या सरकपट्टीवर हिरवा, नारिंगी, लाल असे रंग असतात. ते फक्त एकूण रॅम बघून काढलेले आहेत, त्या क्षणी मोकळी किती हे त्यांना माहीत नसतं. हिरव्यात आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आकडा बदलायची पेटी करडी दिसत असेल तर मशीन 'सेव्ह्ड' अवस्थेत आहे, आधी आतून नीट बंद करा. आणि अभ्यास फक्त टर्मिनलचा असेल तर खिडक्या-चिन्हांच्या डेस्कटॉपचा हट्ट कशाला? उबुंटू सर्व्हर दीड जीबीत आरामात चालतं. डेस्कटॉप हवाच असेल तर लुबुंटू किंवा झुबुंटू ही उबुंटूची हलकी रूपं २ जीबीत चालवून बघा.

व्हर्च्युअलबॉक्स सोडून व्हीएमवेअरवर जाऊ का, असं पुढे विचाराल म्हणून सांगते. २०२४ पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो घरगुती वापराला फुकट आहे, जरूर वापरा, पण रॅमचा हिशेब तिथेही तोच. गेस्टची काही मेमरी डिस्कवर जाऊ द्यायची सोय त्यात आहे, त्यामुळे मशीन सुरू तरी होतं, मात्र रखडत चालतं. हायपर-व्ही या विंडोजच्याच व्हीएम चालवायच्या सोयीत गेस्टची मेमरी गरजेप्रमाणे कमी-जास्त होते, पण ते विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही. 'मेमरी इंटिग्रिटी बंद करा' असंही कोणीतरी सांगेल. ते सुरक्षेचं सेटिंग आहे, त्याने व्हीएमचा वेग मार खातो हे खरं (व्हर्च्युअलबॉक्सच्या तळाला हिरवं कासव दिसतं ते अशाच कारणाने), पण ते बंद करून तुमचे जीबी परत येणार नाहीत. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार करता तिथे ते चालूच राहू द्या.

हे सगळं करूनही गोठत राहिलं तर संशय रॅमच्या पट्टीवर. इथे मी स्वतः फसले आहे. घरच्या पीसीला एक जुनी ८ जीबीची पट्टी स्वस्तात मिळाली म्हणून लावली. आठवडाभर सगळं छान. व्हीएम चालू केलं की मात्र आत कधी 'सेगमेंटेशन फॉल्ट' (प्रोग्रॅम मेमरीच्या चुकीच्या जागी हात घालून कोसळणं), कधी पॅकेज उतरवताना हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, जुळेना. मी तीन रात्री उबुंटू पुन्हा पुन्हा टाकत बसले. प्रकार असा होता की पट्टीतला खराब भाग रोजच्या ब्राउझिंगमध्ये फारसा वापरातच येत नव्हता. व्हीएमने एकदम मोठा तुकडा घेतला की तो नेमका त्यात सापडायचा. व्हीएम हा रॅमचा नकळत घेतलेला तपासच म्हणा ना. ओळखायची सोपी खूण सांगते: आयएसओसारखी (उबुंटू टाकायला उतरवलेली ती) तीन-चार जीबीची फाइल घ्या, तिचा 'एसएचए-२५६' हॅश लागोपाठ पाच वेळा काढा. उत्तर एकदाही वेगळं आलं तर पट्टी किंवा डिस्क खोटं बोलतेय. मग 'मेमटेस्ट८६+' हे रॅम तपासणारं साधन पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. त्यात एक चूक दिसली तरी पट्टी बाद, 'एकच तर आहे' म्हणू नका. डेस्कटॉप पीसी असेल आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सोय, चालू असेल तर ते बंद करून आधी पुन्हा तपासा, कधीकधी पट्टी चांगली असते आणि वेगच झेपत नसतो.

रॅम घ्यायची वेळ आलीच तर मागवण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर 'स्लॉट्स यूज्ड' बघा, आणि शक्य असेल तर झाकण उघडून खात्री करा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथे पट्टी बसणारच नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ च्या खाचा वेगळ्या असतात, एकीची पट्टी दुसरीच्या जागी जात नाही. १६ जीबी झाले की मग उबुंटूला खुशाल ६ जीबी द्या.

तोवर 'कमिटेड'चे दोन आकडे, 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड' आणि व्हीएममेम दिसतं की नाही, एवढं खाली लिहा. मशीन गोठतं त्या वेळचे आकडे हवेत, नुकतं सुरू केल्यावरचे नकोत.