तासाला किती रुपये पडले?

"मॅडम, गेम घ्यायचाच तर मोठा घ्यावा ना? चार तासांत संपणाऱ्या गेमला पैसे कशाला घालायचे?" हा प्रश्न मला पालक विचारतात, कॉलेजची मुलं विचारतात, आणि अलीकडे नोकरीला लागलेले, लग्न झालेले तरुणही विचारू लागले आहेत. तसा हा समुपदेशकाकडे आणायचा प्रश्न नव्हे, दुकानदारच त्याचं उत्तर बरं देईल. पण माझ्या खोलीत तो येतो तेव्हा एकटा येत नाही, म्हणून एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

तो तिशीच्या आतला, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. घर बेसा भागात. ती शाळेत शिकवते. आले होते ते "आमच्यात बोलणंच होत नाही" ही तक्रार घेऊन, आणि निम्मी जोडपी हीच तक्रार घेऊन येतात. दुसऱ्या बैठकीत ती वैतागून म्हणाली, "हा रात्री खेळून राहिला असतो का हिशेब करून राहिला असतो, तेच मला समजत नाही."

हिशेब खरोखरच होता. त्याने लॅपटॉपवर एक शीट ठेवली होती. गेमचं नाव, किंमत, खेळलेले तास आणि शेवटच्या रकान्यात तासाचा भाव. पाच हजारांचा गेम शंभर तास चालला तर पन्नास रुपये तास. पाचशेचा गेम चार तासांत आटोपला तर सव्वाशे रुपये तास. म्हणजे पाचशेवाला महाग. खरेदीआधी तो 'हाऊ लाँग टू बीट' या साइटवर गेम संपवायला किती तास लागतात ते बघायचा आणि वीसच्या खालचं काही घ्यायचाच नाही. इथवर ठीक होतं. घोळ पुढे होता. घेतलेला गेम भाव पन्नासाच्या खाली येईपर्यंत सोडायचा नाही, असा त्याचा नियम. 'असॅसिन्स क्रीड वल्हाला' त्याला निम्म्यातच कंटाळवाणा झाला होता. तरी नकाशावरचे ठिपके, म्हणजे राहिलेली किरकोळ कामं, टिपत आणि गेम किती टक्के झाला ते बघत तो रात्री बारापर्यंत बसायचा. ती शेजारच्या खोलीत वह्या तपासायची. तपासून झाल्यावर झोपायची.

मी विचारलं, मजा आली असा शेवटचा गेम कोणता? बराच विचार करून तो म्हणाला, "द विचर ३. कॉलेजात असताना."

मग तो त्या गेमबद्दल बोलत सुटला. २०१५ चा गेम, मुख्य कथेलाच पन्नासेक तास, सगळं करायचं तर शंभराच्या वर. त्यातल्या दारुड्या जहागीरदाराची गोष्ट त्याला संवादांसकट आठवत होती. इतवारीत वडिलांचं कापडाचं दुकान. वर्षाकाठी एक गेम मिळायचा, तोही मे महिन्यात. नवतपा सुरू, दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नाही, कूलर घरघरतोय आणि समोर महिनाभर पुरेल एवढा गेम. घेताना वडील म्हणालेच होते, "अरे बापा, चार दिवसांत संपत असंल तर कायले पैसे देऊन राहिला?" शीटची सुरुवात तिथली.

त्या मुलाचा तो हिशेब अगदी बरोबर होता, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. खिशात पैसे नाहीत आणि वेळ भरपूर आहे, अशा वेळी लांबलचक गेम घेणं हाच शहाणपणा. माझ्या मते लांब गेमची बाजू इतकी मजबूत आहे, आणि ज्यांना ती हावरेपणाची वाटते त्यांनी कधी मोजक्या पैशांत सुटी काढलेली नसते.

पण आता पगार आला होता आणि वेळ गेला होता. घरी यायला आठ वाजायचे. आठवड्याला ओढूनताणून पाच तास हाती. मी म्हटलं, शंभर तास भागिले पाच करून बघ. वीस आठवडे. दसऱ्याला सुरू केलेला गेम होळीच्या आसपास संपणार. त्याच्या शीटमध्ये रुपया मोजला होता, पण तास फुकट धरला होता. विद्यार्थी असताना तो जवळजवळ फुकटच होता, म्हणून ती चूक तेव्हा दिसली नाही. आता प्रत्येक तास त्याच्या झोपेतून किंवा तिच्या वाट्यातून जात होता.

गेम कंपन्यांनाही हा हिशेब ठाऊक असतो. जानेवारी २०२२ मध्ये टेकलँड या पोलिश कंपनीने जाहीर केलं, की 'डाइंग लाइट २' पूर्ण करायला पाचशे तास लागतील. वॉर्सा ते माद्रिद चालत जाण्याइतका वेळ, असंही अभिमानाने सांगितलं. लोक खूश होण्याऐवजी धास्तावले. मग कंपनीला खुलासा करावा लागला, की पाचशे तास म्हणजे कानाकोपरा धुंडाळणाऱ्यासाठी. कथा आणि जोडमोहिमा शंभराच्या आत होतात. पुढे 'वल्हाला'च्याच कंपनीने, युबिसॉफ्टने, २०२३ चा 'मिराज' मुद्दाम आटोपशीर केला आणि भावही कमी ठेवला. मोठेपणाला गिऱ्हाईक कंटाळू शकतं, हे आधी विकणाऱ्यांच्याच लक्षात आलेलं दिसतं.

त्याचा मुख्य आक्षेप मात्र वेगळा होता. "छोटा गेम संपला की फसवल्यासारखं वाटतं." त्यावर मी त्याला मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९३ चा एक प्रयोग सांगितला. माणसांना एकदा चौदा अंश सेल्सियसच्या गार पाण्यात साठ सेकंद हात बुडवायला लावला. दुसऱ्यांदा तेच साठ सेकंद आणि वर आणखी तीस, पण त्या तिसात पाणी हळूहळू अंशभर गरम केलेलं. यांतलं पुन्हा काय कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारं निवडलं. कारण शेवट जरा सुसह्य होता. आठवण सेकंद मोजत बसत नाही. सगळ्यांत तीव्र क्षण कोणता आणि शेवट कसा, यावर ती बेतलेली असते. मग ज्या गेमचे शेवटचे चाळीस तास ठिपके टिपण्यात गेले, त्याची आठवण कशी राहणार? जहागीरदाराची गोष्ट त्याला दहा वर्षांनी तोंडपाठ होती. 'वल्हाला'तलं काय आठवतं, यावर तो म्हणाला, "टक्के."

गृहपाठ म्हणून दोघांना मी 'फ्लोरेन्स' दिला. मेलबर्नच्या माउंटन्स या स्टुडिओचा २०१८ चा मोबाइल गेम, तासाभराच्या आत संपणारा. फ्लोरेन्स नावाची तरुणी आणि कृष नावाचा चेलो वाजवणारा मुलगा यांची ही गोष्ट. पहिल्या भेटीत एक वाक्य बोलायचं तर त्या वाक्याच्या फुग्याचे बरेच तुकडे जुळवावे लागतात. ओळख वाढते तसे तुकडे कमी होत जातात. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात. दोघं एकत्र राहायला लागतात तेव्हा फळीवर कृषच्या वस्तूंना जागा करताना स्वतःच्या कोणत्या काढायच्या, हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं.

त्या फळीवर त्यांची गाडी अडली. घरातल्या टीव्हीखालच्या कप्प्यात त्याचा कन्सोल, चार कंट्रोलर आणि रिकामे खोके होते. तिची पुस्तकं लग्नाला दोन वर्षं होऊनही माहेरच्याच खोक्यात पडून होती. यावर ते बोलले, थोडे भांडले, आणि पुढच्या बैठकीला हे सगळं सांगायला दोघं घाईघाईने आले. त्याने 'फ्लोरेन्स' शीटमध्ये भरला होता. तासाच्या भावाने तो महागच पडला. तो म्हणाला, "हे मला अजून पटत नाही." मीही आग्रह धरला नाही. ठिपके टिपणं मात्र त्याने बंद केलं.

त्याला एक व्यवहारी सल्लाही दिला. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर मागितल्यावर सहसा पैसे परत मिळतात. त्या दोन तासांचा उपयोग गेम आवडतोय का हे बघायला करावा. पूर्ण आवडीने संपवलेला छोटा गेम मात्र परत करू नये. तो बनवणाऱ्यांचं पोट त्यावर असतं.

त्याच्या आईला वाटत होतं, मुलाला गेमिंगचं व्यसन आहे. तसं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. पण तो ठरवताना निव्वळ तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याआधी गेम येणं, नुकसान होत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, हे पाहतात. हा गडी नोकरी नीट करत होता, खेळणं थांबवूही शकत होता. फक्त पैसे वसूल झाल्याशिवाय थांबायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आता पालकांसाठी. मे महिन्यात मुलगा मोठा गेम मागत असेल, तर कथा असलेला आणि शेवट असलेला मोठा गेम द्यायला हरकत नाही. त्याच्याकडे वेळ आहे. मात्र वयाचं मानांकन आधी बघा. 'द विचर ३' युरोपच्या पेगी मानांकनात अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहे. तासांच्या हिशेबात तो आकडा बघायचा राहून जातो. आणि "फुकटचा आहे, खेळू दे" म्हणून बीजीएमआयसारखा (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) गेम देताना जरा थांबा. या शीटच्या हिशेबाने त्याचा तासाचा भाव शून्य येतो, म्हणजे जगात सगळ्यांत स्वस्त तोच. पण त्याला शेवट नाही, आणि आत पोशाख, बंदुकांचे रंग विकायला ठेवलेले असतात. मोबाइलवर कार्ड किंवा यूपीआय जोडलेलं ठेवू नका. दर तीन-चार दिवसांनी जेवताना विचारा, गोष्ट कुठवर आली? मुलगा गोष्ट सांगत असेल तर खेळू द्या. नुसते टक्के सांगू लागला, तर हा गेम अर्धवट सोडला तरी घरात कोणी पैशांवरून बोलणार नाही, एवढं त्याला सांगून टाका.