पहिली केमो आणि घरातली दोन मुले

ताई, कर्करोगावरची पहिली केमो आणि घरी एकटीवर दोन मुले, कुठून सुरुवात करू, असे तुम्ही विचारलेत. मीही एकटीने दोन मुले सांभाळत सांगलीहून मिरजेला याच उपचारांसाठी वर्षभर ये-जा केली आहे, म्हणून सुरुवातीला लागेल तेवढेच सांगते. पुढे हार्मोनच्या गोळ्या लागल्या तर त्यांबद्दल वेळ आली की बोलू.

आधी रेशनकार्ड आणि आधारकार्डावरची नावे जुळतात का ते पाहा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणारा कर्मचारी) भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेची, मंजुरी उपचारांपूर्वीच मागा.

दुसरे म्हणजे घरात चांगला थर्मामीटर ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे असते. मी मुले एकटी राहतील म्हणून तापाची गोळी घेऊन घरीच पडून राहिले आणि मग चार दिवस दाखल व्हावे लागले. त्यानंतर शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली, शाळेचा फोन नंबर आणि मुलांच्या कपड्यांची भरलेली पिशवी कायमची ठेवली. मदत मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे; तरी मागा.

मुलांपासून आजार लपवू नका, केस गळण्याआधीच सांगा. माझ्या धाकटीने एवढेच विचारले, "तुझ्या ताटात जेवले तर मलाही होईल का?" नाही म्हटल्यावर ती खेळायला गेली.

आणि नातेवाईक आणून देतील ते काढे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.