तुमच्या पत्रातलं 'असो'

'ताई, वय ३९, राहणार परभणी. सकाळी औषधांची घाऊक एजन्सी, संध्याकाळी दहावीच्या पोरांचे विज्ञानाचे क्लास. त्यातून वेळ काढून सहा वर्षं सॅक्सोफोन वाजवतोय. जॅझ. गुरू नाही, यूट्यूबवर एक अमेरिकन सर आहेत, त्यांचं बघून शिकलो. वडिलांना आवाज सोसत नाही म्हणून रात्री वसमत रोडला गाडी लावतो, काचा वर करतो आणि वाजवतो. अमेरिकन सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्ससुद्धा पुलावर एकटाच वाजवायचा. पण इथे जॅझ कुणाला कळत नाही, सोबत वाजवायला माणूस नाही. दुरुस्तीवालाही नाही. मागे खालचे सूर लागेनात, तर एका बँडवाल्याकडे न्यावं लागलं. त्याने कळीखालची गादी, म्हणजे पॅड, बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत, आमच्यात बसत जा म्हणाला. असो. एजन्सी भावाच्या हवाली करून मुंबईला जावं असं वाटतं. बायको म्हणते, डोकं ठिकाणावर आहे का? काय करू?'

एजन्सी सोडू नका, क्लासही सोडू नका. डेनी झाइटलिन हा गृहस्थ सान फ्रान्सिस्कोत मनोविकारतज्ज्ञ म्हणून रुग्ण तपासत आला आणि जॅझ पियानोही वाजवत आला. दोन धंदे आणि एक वाद्य, हे तुमचं दुखणं नव्हे. बायकोचा प्रश्न रास्त आहे. मुंबईचा विषय संपला.

मला त्या 'असो'बद्दल बोलायचंय.

सोबत वाजवायला माणूस नाही, असं तुम्ही लिहिता, आणि तीन ओळींनी लिहिता की एका माणसाने सोबत बसायला बोलावलं. मग पूर्णविराम, आणि 'असो'. यूट्यूबवरचा अमेरिकन, ज्याला तुम्ही या जन्मात आहात हेही ठाऊक नाही, तो 'सर'. आणि ज्याने तुमचं वाद्य स्वतःच्या मांडीवर घेऊन दुरुस्त केलं, तो 'बँडवाला'. त्याचं नाव तरी विचारलंत का हो?

पॅड बदलणं म्हणजे पंक्चर काढणं नव्हे. जालन्याला एका मास्तरांना मी ते करताना पाहिलंय. खोलीतला दिवा मालवला, वायरला लावलेला बारका बल्ब वाद्याच्या नळीत सोडला, एकेक कळ मिटत गेले आणि जिथून उजेड झिरपला तिथलं पॅड धरलं. कागदाएवढी फट राहिली तरी खालचा सूर निघत नाही. ज्याला हे जमतं त्याचा कान तुमच्या कानापेक्षा पन्नास लग्नसराया पुढे असतो.

हलगी, सनई, बँड ही कामं आपल्याकडे कुणाच्या वाट्याला आली आणि त्यांना कुठे बसवलं गेलं, हे मराठवाड्यात कुणी कुणाला सांगायला नको. माझ्या भावाच्या लग्नात, सेलूला, बँडची माणसं मांडवाबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसली होती. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना वाढलं. वाढायला मीच होते आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. म्हणून तुमचं 'असो' मला लांबूनच ओळखू आलं.

आता तुमचा रोलिन्स. १९५९ ते १९६१ तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर वाजवत असे, खरं आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. पण पुलावर चढण्याआधी तो माइल्स डेव्हिस, थेलोनियस मंक, मॅक्स रोच अशा जॅझच्या बड्या वादकांसोबत वाजवून आलेला होता, आणि पुलावरून उतरला तो पुन्हा चार माणसांतच जाऊन बसला. तुम्ही आधीच पुलावर जाऊन बसलात. गाडीत सोबतीला लावलेला मोबाइलमधला ड्रम तुमची वाट बघत नाही आणि तुम्ही चुकलात तर सावरूनही घेत नाही.

आणि जॅझ आलं कुठून? अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या रस्त्यावरून, बँडच्या पावलांनी. तिथे मयतीलाही बँड असतो: कबरस्तानाकडे जाताना संथ चाल, परतताना लोक नाचतील अशी. जॅझचा थोर वादक लुई आर्मस्ट्राँग पोरवयात कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच वाद्य, शिकला तो सुधारगृहाच्या बँडमध्ये. त्याच्या गावच्या एखाद्या सुशिक्षित माणसानेही बँडवाल्यांकडे पाहून 'असो' म्हटलंच असेल.

सध्या श्रावण आहे. लग्नाच्या तारखा नाहीत, बँडचं दुकान रिकामं असतं. या गुरुवारी क्लासला सुट्टी द्या आणि वाद्य घेऊन जा. मिठाईचा पुडा नको, रीडचं, म्हणजे फुंकायच्या पातळ पट्ट्यांचं, नवं पाकीट न्या. तो माणूस तासून तासून रीड वापरत असणार. मास्तर म्हणून हाक मारा. कडेला बसा. पहिली संध्याकाळ फजितीची जाईल, कारण तुमचा अल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅट पट्टीचा आणि त्यांचे ट्रम्पेट, क्लॅरिनेट बी-फ्लॅट पट्टीचे. त्यांची बोटं पाहून वाजवाल तर भलताच सूर निघेल. त्यांच्याकडे सूर लिहिलेला कागद नसणार. कानानेच शोधावं लागेल, आणि सहा वर्षं गाडीत बसून नेमकं तेवढंच शिकायचं राहिलंय. तुम्हाला येणारे कॉर्ड, म्हणजे सुरांचे गुच्छ, त्यांच्या पोरांना लगेच दाखवायला जाऊ नका. त्यांनी विचारलं तर दाखवा.

तुळशीची लग्नं लागली की तारखा सुरू होतील. एखाद्या वरातीला माणूस कमी पडेल आणि मास्तर तुमच्यापुढे लाल कोट धरतील, सोनेरी झालरीचा. वरात तुमच्या एजन्सीसमोरून जाणार असेल, क्लासची पोरं रस्त्यावर उभी असतील. कोट मापाचा नसेल. घाला.