'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' एवढं का गाजलं? मला तर त्यात काहीच सापडलं नाही

तुम्ही विचारलंय की 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' या शृंगारिक कादंबरीचं (तीन भागांतल्या पहिल्या) एवढं नाव ऐकून पुस्तक हातात घेतलं, कसंबसं निम्म्यापर्यंत पोचलात, आणि तरी लोकांनी ते एवढं डोक्यावर का घेतलं ते कळेना, मग आपल्यातच काही कमी आहे का. नाही, अजिबात नाही. मी पण पहिल्यांदा शंभरेक पानांवर सोडलं होतं. तेव्हा जो तो त्याच्याबद्दलच बोलत होता आणि मला खरंच वाईट वाटलं होतं, की बाकीच्या बायकांना जे दिसतंय ते मला का दिसत नाही, मी एवढी कोरडी आहे का. नंतर काही वर्षांनी तिन्ही भाग नीट बसून वाचले, ते पुस्तक कुठून आलं, कसं पसरलं हेही वाचून काढलं, आणि मग हळूहळू उलगडा झाला. माझं मत असं झालंय की या पुस्तकाचा अर्धा भाग पुस्तकाच्या बाहेरच राहिलाय. ज्यांना ते आवडलं त्यांच्याकडे तो अर्धा भाग आधीपासून होता, तुमच्या-माझ्या हातात नुसती छापलेली पानं आली.

भाषेबद्दल फार बोलत नाही कारण ते सगळ्यांनीच बोलून झालंय. नायिका ॲना सारखी ओठ चावते, दर दोन पानांनी तिला धक्का बसतो, तिच्या मनातली ती 'इनर गॉडेस' सारखी नाचत असते. कंटाळा येतो, खरंय. पण ही पुनरुक्ती का आहे ते कळलं की राग थोडा कमी होतो.

ही कादंबरी मुळात कादंबरी म्हणून लिहिलीच नव्हती. ई. एल. जेम्स ही लंडनची बाई, टीव्हीच्या क्षेत्रात काम करणारी. ती 'ट्वायलाइट' या व्हँपायर आणि मुलीच्या प्रेमकथेच्या प्रेमात पडली आणि २००९ च्या सुमारास 'स्नोक्वीन्स आइसड्रॅगन' अशा टोपणनावाने तिने नेटवर फॅनफिक्शन, म्हणजे आवडत्या गोष्टीतली पात्रं घेऊन स्वतःची गोष्ट, लिहायला सुरुवात केली, त्याचं नाव होतं 'मास्टर ऑफ द युनिव्हर्स'. त्यात नायक-नायिका 'ट्वायलाइट'मधले एडवर्ड आणि बेलाच होते, फक्त व्हँपायर वगैरे काही नाही, एडवर्ड अब्जाधीश उद्योगपती. एकेक चॅप्टर टाकायचा, लोकांनी खाली कमेंट करायच्या, मग पुढच्या चॅप्टरची वाट बघायची, असं ते चालायचं. आता विचार करा, आज एक चॅप्टर वाचला आणि पुढचा काही दिवसांनी आला तर ओठ चावणं परत आलेलं खटकत नाही, उलट ओळखीची खूण वाटते, आपल्या मालिकेत रोज तेच टायटल साँग लागतं तसं. तेच सगळं एका पुस्तकात सलग वाचायला घेतलं की डोकं उठतं. म्हणजे हप्त्याहप्त्याने वाचायची गोष्ट आपण एका बैठकीत वाचायला बसलो.

आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे फॅनफिक्शन वाचणारीचं एडवर्डवर आधीच प्रेम असतं. तो कसा दिसतो, कसा बोलतो, का एवढा गप्प आणि कडक असतो, हे ती चार जाडजूड पुस्तकं वाचून आलेली असते. त्यामुळे लिहिणारीला त्याचं माणूस म्हणून काही उभं करावं लागत नाही, नाव घेतलं की काम झालं. मग २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या प्रकाशनाने हे पुस्तक म्हणून काढलं तेव्हा एडवर्डचा ख्रिश्चन ग्रे झाला आणि बेलाची ॲनास्टेशिया स्टील. नावं बदलली, पण जे मुळात लिहिलंच नव्हतं ते तसंच लिहायचं राहिलं. तुम्हाला ख्रिश्चन पुठ्ठ्याचा वाटत असेल, देखणा, श्रीमंत, पियानो वाजवणारा, स्वतःचं हेलिकॉप्टर चालवणारा, आणि तरी आत माणूस काही सापडत नाही असं, तर त्याचं कारण मला वाटतं हेच आहे.

त्याच्याच पुढची गोष्ट, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'ट्वायलाइट'मध्ये एडवर्ड बेलावर पाळत ठेवतो, ती झोपलेली असताना खोलीत येऊन बसतो, माझ्यापासून लांब राहा म्हणतो आणि स्वतः मात्र लांब राहत नाही. ते मला तिथेही आवडलं नव्हतं, पण तिथे गोष्टीच्या हिशोबाने काहीतरी कारण तरी आहे, तो व्हँपायर आहे, त्याचा ताबा सुटला तर ती मरेल, त्याच्यासारखे बाकीचेही तिच्या जिवावर उठलेत. जेम्सने व्हँपायर काढून टाकला आणि पाळत तशीच ठेवली. धोका गेला, राखण राहिली. मग ख्रिश्चनला ॲनाचा फोन ट्रेस करून ती कुठल्या बारमध्ये आहे ते शोधून काढायचं काय कारण? ती काम करते त्या हार्डवेअरच्या दुकानात अचानक येऊन केबल टाय, मास्किंग टेप आणि दोरी विकत घ्यायचं काय कारण? तिची जुनी बीटल गाडी विकून टाकायचं? कारण काहीच उरत नाही, म्हणून लेखिका त्याच्या लहानपणात जाते, व्यसनी आई, उपासमार, मग पंधराव्या वर्षी दत्तक आईच्या मैत्रिणीने त्याला आपल्या नादी लावणं, असं एकावर एक रचत जाते. माझा इथे आक्षेप आहे. ज्या लोकांना खरंच अशा प्रकारचं, शृंगारात एकाने बांधायचं-हुकूम द्यायचा आणि दुसऱ्याने मानायचं असं नातं आवडतं, आणि असे भरपूर लोक असतात, नीट बोलून, ठरवून, एकमेकांची काळजी घेऊन ते करणारे, त्यांची आवड म्हणजे बालपणीच्या जखमेचा आजार आहे आणि एका भोळ्या मुलीच्या प्रेमाने तो बरा होतो, असं हे पुस्तक सांगतं. त्या लोकांना तेव्हा राग आला होता आणि तो राग मला पटतो.

आता ते पसरलं कसं. छोट्या प्रकाशनाकडे जाहिरातीला पैसे नव्हते, पुस्तक मुख्यतः ई-बुक आणि मागणीप्रमाणे छापून असंच विकलं जात होतं. तिथे आधीच्या फॅनफिक्शनच्या वाचकांनी ते उचललं, ब्लॉगवर लिहिलं, मैत्रिणींना सांगितलं. आणि ई-रीडरवर मुखपृष्ठच दिसत नाही! बसमध्ये शेजारी बसलेल्याला तुम्ही काय वाचताय ते कळत नाही. आधी अशा कादंबऱ्यांवर उघड्या छातीचा पुरुष आणि त्याच्या मिठीत बाई असं चित्र असायचं आणि ते पुस्तक चारचौघांत काढायची लाज वाटायची. पुढे छापील पुस्तकावरही नुसता एक करडा टाय होता, माणूसच नाही. मग २०१२ च्या मार्चमध्ये रँडम हाउस या मोठ्या प्रकाशनाच्या व्हिंटेज शाखेने हक्क घेतले, एप्रिलमध्ये त्यांची आवृत्ती आली, आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'मम्मी पॉर्न' असं नाव ठेवलं. मला तो शब्द तेव्हाही आवडला नव्हता आणि आताही आवडत नाही. पोरं झालेल्या बाईला इच्छा असते याचं एवढं नवल वाटावं का? पण त्या शब्दाने बातमी झाली, बातमीने विक्री झाली, विक्रीची परत बातमी झाली. एका टप्प्यानंतर लोक पुस्तक आवडतं म्हणून घेत नव्हते, सगळे कशाबद्दल बोलतायत ते कळावं म्हणून घेत होते, मी पण त्यातलीच. त्या वर्षाअखेरीस रँडम हाउसने अमेरिकेतल्या आपल्या कर्मचाऱ्यांना ५,००० डॉलर बोनस दिला. पुस्तकात एके ठिकाणी सोळाव्या शतकातल्या थॉमस टॅलिस या संगीतकाराची चाळीस आवाजांची प्रार्थना वाजते, तर ती सुद्धा ब्रिटनमध्ये शास्त्रीय संगीताच्या यादीत पहिल्या नंबरवर गेली. तिन्ही भागांच्या मिळून १५ कोटींच्या वर प्रती खपल्यात. एवढ्या सगळ्यांना ते आवडलं असेल असं मला वाटत नाही, पण ज्यांना आवडलं त्यांना खोटं पाडायचीही माझी इच्छा नाही, आणि त्याचं कारण माझी एक मैत्रीण आहे.

तिने पहिला भाग तीनदा वाचलाय. तेव्हा तिचं बाळ तीन महिन्यांचं होतं, रात्री दोन-अडीचला उठायचं, आणि ती अंधारात एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हातातल्या ई-रीडरवर दहा-दहा पानं वाचायची. दहा-दहा पानं, म्हणजे बघा, परत तेच हप्त्याहप्त्याने वाचणं. मी तिला सरळच विचारलं की तुला यात नेमकं काय आवडलं, मला वाटलं ती सीन्सबद्दल सांगेल. ती म्हणाली, "अगं, तो विचारतो ना." मला कळेना. मग तिने ते कॉन्ट्रॅक्ट काढून दाखवलं. ख्रिश्चन ॲनाला एक लांबलचक करार देतो, त्यात ती काय खाईल, किती तास झोपेल, आठवड्यातून किती वेळा व्यायाम करेल, आणि मग एकेक कृतीचं नाव लिहून पुढे, हे तुला चालेल का. ॲना बसून एकेक कलम वाचते, हे नको म्हणते, जेवणाची यादी खोडते, व्यायाम चार दिवसांऐवजी तीन दिवस करून घेते. माझी मैत्रीण म्हणाली की त्या काळात मला घरात एकाही माणसाने विचारलं नव्हतं की तुला काय चालेल आणि काय चालणार नाही, बाळ माझ्या अंगावर, सासू माझ्या डोक्यावर, नवरा येऊन झोपायचा, आणि इथे एक माणूस कागदावर लिहून विचारतोय. मी यावर काय बोलणार होते? मी तेव्हा गप्प बसले आणि घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडलं, तिसऱ्यांदा नाही वाचवलं मला, पण ते करारावरचे ईमेल मी परत वाचले आणि ते खरंच चांगले आहेत हो. पुस्तकात कुठे जीव आहे तर तो तिथे आहे. ईमेलमध्ये ॲना घाबरट नाही, ती उत्तराला उत्तर देते, मेलच्या विषयाच्या ओळीत त्याची फिरकी घेते, त्याला मेलखालची सही बदलून उत्तर द्यावं लागतं. समोर आली की तीच मुलगी परत लाल होते आणि ओठ चावते, पण लिहिताना ती त्याच्या बरोबरीची असते.

आणि म्हणूनच मला त्या एका प्रसंगाचा अजून त्रास होतो. करार वाचून, नेटवर शोधाशोध करून ॲना त्याला एक ओळीचा मेल टाकते, की बघितलं, पुरे झालं, तुमची ओळख झाली बरं वाटलं. ती गंमत करत असते. पण ते त्याला माहीत नाही. त्याच्या बाजूने बघितलं तर एका मुलीने विचार करून नाही म्हटलंय. आणि तो काय करतो, तर उत्तर न लिहिता सरळ तिच्या घरी, तिच्या बेडरूममध्ये येऊन उभा राहतो, आणि मग तिला टायने बांधून जे व्हायचं ते होतं. म्हणजे ज्या कागदावर तो एवढं विचारत होता त्या कागदाचा अर्थ काय राहिला? करारावर तर ती शेवटपर्यंत सही करतच नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तो तिला पट्ट्याने सहा वेळा मारतो, ती रडत निघून जाते, आणि दुसऱ्या भागात तो तिलाच विचारतो की तू सेफवर्ड (थांब सांगायला आधीच ठरवलेला शब्द) का वापरला नाहीस. ते वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं आणि बराच वेळ परत उचललं नव्हतं. विचारणारा माणूस आणि पाळत ठेवणारा माणूस एकाच शरीरात घातलेत आणि लेखिकेला ते दोन वेगळे आहेत हे दिसतच नाही, दोन्हीला ती प्रेमच म्हणते.

या प्रसंगावरून मैत्रिणीचा आणि माझा अजून वाद होतो. ती म्हणते ॲनाला तो यायलाच हवा होता, मेल त्यासाठीच टाकला होता, वाचणाऱ्या बाईला ते कळतं. मी म्हणते आपल्याला कळतं कारण आपण तिच्या डोक्यात बसून वाचतोय, त्याला कसं कळलं? यावर तिच्याकडे उत्तर नाही आणि तिने त्या रात्रींबद्दल जे सांगितलं त्यावर माझ्याकडे नाही.

तुम्हाला कोणी म्हणालं असेल की तुम्ही सोवळ्या आहात म्हणून आवडलं नाही, तर ते मनावर घेऊ नका. मला शृंगार वाचायला आवडतो, चांगला लिहिलेला असला तर फारच आवडतो, आणि तरी हे पुस्तक मला आवडलं नाही. तुम्ही निम्म्यावर आहात म्हणालात, तर पुढचं सगळं वाचायचा अट्टाहास करू नका, फक्त करारावरचे ते ईमेल राहिले असतील तर ते शोधून वाचा आणि मग सरळ शेवटचं प्रकरण वाचा. मधलं गाळलं तरी काही अडत नाही. वाचून झालं की त्या मेलच्या प्रसंगाबद्दल तुम्हाला काय वाटलं ते मात्र इथे खाली नक्की लिहा, मला खरंच जाणून घ्यायचंय.